पक्ष न पटलेल्या मतदाराचे प्रदेशाध्यक्षांस पत्र

महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांच्या प्रदेशाध्यक्षांस,



हे पत्र आपल्यापैकी कोणा एकास लिहिलेले नाही. सर्वांस एकत्र लिहिले आहे, कारण त्यातील तक्रार आणि त्यातील मागणी ही दोन्ही सर्वांस सारखीच लागू आहेत. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे वास्तव्य असून मतदानाचा अधिकार प्राप्त झाल्यापासून तो बजावण्यात मी कधी कसूर केलेली नाही. परंतु आज परिस्थिती अशी आहे की, आपल्यापैकी कोणत्याही पक्षाचे नाव समोर आले असता ‘हा पक्ष माझा’ असे मनापासून म्हणवत नाही. एखाद्याचे आर्थिक धोरण पटते, तर त्याच्या वक्त्यांची भाषा ऐकवत नाही. एखाद्याचा जाहीरनामा वाचून समाधान वाटते, तर उमेदवारांची यादी पाहिल्यावर ते समाधान टिकत नाही. आणि एखाद्याचा पूर्वेतिहास आदरास पात्र वाटतो, तर त्याचे आजचे वर्तन त्या इतिहासाशी कसलेही नाते सांगत नाही. अशा मतदाराची गणना आपल्या कार्यालयांतून ‘कुंपणावरचा’ म्हणून होते आणि मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत त्यास आपल्या बाजूस वळविता येईल असे गृहीत धरले जाते. वास्तविक तो मतदार त्या रात्री विचार करीत असतो, आणि त्या विचाराची रीत कोणती हे आपणास ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

ही अवस्था आमच्यावर का ओढवली हे आपणास सांगावे लागू नये, तरीही एकदा कागदावर मांडून ठेवतो. २०१९ च्या ऑक्टोबरात विधानसभेसाठी मतदान झाले तेव्हा भारतीय जनता पक्ष आणि शिवसेना युती करून उभे होते, आणि त्या युतीस १०५ व ५६ मिळून १६१ जागा, म्हणजे २८८ सदस्यांच्या सभागृहात निर्विवाद बहुमत मिळाले होते. त्यानंतर २३ नोव्हेंबरास राजभवनात जो शपथविधी झाला त्यातून निघालेले सरकार चार दिवसांच्या आत संपुष्टात आले; २८ नोव्हेंबरास शिवाजी पार्कवर दुसरा शपथविधी झाला; ३० जून २०२२ रोजी तिसरा; आणि २ जुलै २०२३ रोजी, आदल्या दिवसापर्यंत विरोधी बाकांवर बसणाऱ्यांनी त्याच सरकारात मंत्रिपदाची शपथ घेतली. एका विधानसभेच्या एकाच मुदतीत चारही मोठे पक्ष, कोणी संपूर्ण तर कोणी अर्धा, सत्तेच्या बाकांवर बसून गेले, आणि एवढ्या सर्व उलथापालथीत ज्याच्या मताच्या आधारावर ही सगळी सभा भरली होती त्या मतदारास कोणी एकदाही काही विचारले नाही. पक्षांतरास पायबंद घालण्यासाठी १९८५ साली घटनेस जोडलेले दहावे परिशिष्ट अस्तित्वात होते. अर्ज झाले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले, सुनावण्या झाल्या, आणि अखेरीस २०२४ च्या आरंभी विधानसभा अध्यक्षांनी जे निर्णय दिले त्यांत पक्षफुटीच्या दोन्ही प्रकरणांत एकही आमदार अपात्र ठरला नाही. त्या निर्णयांच्या कायदेशीर बाजूची चर्चा करण्याचा माझा अधिकार नाही. मतदार म्हणून मला इतकेच कळले की, मी ज्या निशाणीपुढचे बटन दाबले ती निशाणी कोणाच्या हाती राहील याची खातरजमा मला कोणीही करून देऊ शकत नाही.

अशा वेळी घरी बसावे, हा सल्ला आम्हांस वारंवार ऐकू येतो, आणि तो देणारे बहुधा सुशिक्षित असतात. तो मी विचारातही घेत नाही. कारण घरी बसणाऱ्याचे मत हिशेबातून गळते, आणि जे पैसे घेऊन किंवा जात पाहून मतदान करतात त्यांच्या मताचे वजन तेवढ्याने वाढते. परंतु ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजे ‘नोटा’, या बटनाचा प्रश्न इतक्या सहजी सुटणारा नाही, आणि त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे.

हे बटन आम्हांस २७ सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मिळाले. त्यापूर्वी ज्यास कोणासही मत द्यावयाचे नसे त्यास १९६१ च्या निवडणूक नियमांतील एका कलमान्वये मतदान केंद्राधिकाऱ्यापुढे तसे उघड सांगून नोंदवहीत सही करावी लागे, म्हणजे गुप्ततेचा हक्क गमावूनच नकार देता येत असे. न्यायालयाने नकारासही गुप्ततेचे कवच दिले, हे योग्यच झाले. परंतु त्या नकारास परिणाम मात्र दिला नाही. लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत या बटनास सर्वांत अधिक मते पडली तरी त्याच्या खालोखाल मते मिळविणारा उमेदवारच निवडून येतो. २०१९ साली लातूर ग्रामीणमध्ये आणि आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील पलूस-कडेगावमध्ये ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिल्या ठिकाणी सुमारे २७ हजार आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे २० हजार मतदारांनी ते बटन दाबले. एवढ्या माणसांनी एकमुखाने काही सांगितले, आणि दुसऱ्या दिवसापासून ते कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. याउलट २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला, आणि त्याच मतदारसंघात नोटाची मते पंधरा हजारांच्या वर होती. त्या पंधरा हजारांना दोन्ही उमेदवार खरोखरच सारखे वाटत होते काय, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

मत निष्फळ करण्याचा इतिहास महाराष्ट्रात याहून जुना आहे, आणि तो विसरणे आम्हांस परवडणारे नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. प्रत्येक मतदारास दोन मते होती, आणि दोन्ही मते एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकली तर त्यांतील एक बाद होत असे. त्या काळच्या भाषेत त्यास मत कुजविणे म्हणत. राखीव जागेचे मत कुजवा, असा प्रचार त्या निवडणुकीत झाल्याची तक्रार स्वतः बाबासाहेबांनी आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी निवडणूक न्यायाधिकरणापुढे नेली. बाद झालेल्या मतांचा आकडा ७४,३३३ होता, आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून बाबासाहेबांचा पराभव झाला तो १४,५६१ मतांनी. ज्यांनी ती मते कुजविली त्यांतील कित्येकांनी ती आपल्या पक्षावरील निष्ठेपोटी कुजविली असतील, कित्येकांस आपण काय करीत आहोत हे कळलेही नसेल. परिणाम एवढाच झाला की राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्या घटनेखालील पहिल्या लोकसभेत निवडून येऊ शकला नाही. म्हणून जे मत परिणामशून्य असते ते तटस्थ असते, असे मानण्यास माझे मन तयार होत नाही. ते कोणाच्या तरी पथ्यावर पडतेच.

एका ठिकाणी मात्र मी नोटास नकार देणार नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये असा आदेश काढला की, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोटास सर्वांत अधिक मते पडल्यास कोणासही निवडून आलेले घोषित न करता त्या जागेसाठी फेरनिवडणूक घ्यावी. फेरनिवडणुकीतही तेच घडल्यास मग अधिक मतांचा उमेदवार निवडून येतो, आणि पहिल्या वेळी नाकारलेल्या उमेदवारास पुन्हा उभे राहण्याची मनाई नाही, ही त्या आदेशाची मर्यादा होय. तरी निदान एकदा नकारास किंमत आहे. आमच्या नगरपालिकेच्या प्रभागात उद्या सर्वच उमेदवार नालायक आले, तर ते बटन मी दाबीन. पण आपल्या कार्यकर्त्यांनी ‘बिनविरोध’ या शब्दास जी प्रतिष्ठा प्राप्त करून दिली आहे तिच्यामुळे तेही बटन पुष्कळ ठिकाणी समोर येतच नाही. २०२१ साली नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे ग्रामपंचायतीच्या पदांचा चक्क लिलाव झाल्याचे उघडकीस येऊन आयोगाला त्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. गावात निवडणूक टळली याचा आनंद मानणाऱ्या पुढाऱ्यांनी, टळली म्हणजे नेमके कोणाचे काय टळले, याचा विचार करावा.

तेव्हा विधानसभेच्या आणि लोकसभेच्या वेळी मला कोणास तरी मत द्यावयाचेच आहे. ते कसे ठरवितो?

प्रथम मी ‘माझा पक्ष कोणता’ हा प्रश्न बाजूस ठेवतो. भारताच्या राज्यघटनेत तिच्या आरंभापासून पस्तीस वर्षे राजकीय पक्ष ही संज्ञाच नव्हती. ती पक्षांतराच्या निमित्ताने प्रथम शिरली. मतदारसंघ आहे, मतदार आहे, उमेदवार आहे, सभागृह आहे. पक्ष हे त्यांच्यामधील सोयीचे साधन आहे, आणि साधनावर प्रेम करण्याचे कोणतेही बंधन माझ्यावर नाही. मी जे देतो ते पाच वर्षांच्या मुदतीचे मुखत्यारपत्र आहे. मुखत्यार नेमताना त्याची माझी मते सर्व विषयांत जुळतात की नाही हे कोणी पाहात नाही. तो माझ्या वतीने कोणत्या कामावर सही करणार आहे, ती करण्याइतका तो जबाबदार आहे की नाही, आणि हिशेब मागितला असता तो देईल की नाही, हे पाहतात.

मग मी विचारतो की या वेळी काम कोणते आहे. या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे हे माझ्या जिल्ह्याने १९५७ साली दाखवून दिलेले आहे. मराठी राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजासमाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन होते, आणि जनसंघ व हिंदुमहासभाही होती. यांतील कोणत्या दोन पक्षांचे जमीन, धर्म किंवा परराष्ट्रनीती या विषयांवर एकमत होते? तरीही पश्चिम महाराष्ट्रातील मतदाराने समितीस भरभरून मते दिली, इतकी की कराडात खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण अल्प मताधिक्याने वाचले. जन्मभर हिंदुत्वनिष्ठ राहिलेल्या माणसांनी त्या वर्षी कम्युनिस्टास मत दिले आणि तसे देताना आपले काही गमावले असे त्यांस वाटले नाही, कारण मत प्रश्नास दिलेले होते. १ मे १९६० रोजी राज्य आले. समिती पुढे टिकली नाही, आणि जो तो मतदार आपापल्या घरी परत गेला. समिती टिकली नाही याचा पुष्कळांना खेद वाटतो. मला तो वाटत नाही. कारण ज्या कामासाठी मुखत्यारपत्र दिले ते काम संपले होते.

आज माझ्यापुढे तसा एकच धगधगता प्रश्न नाही, हे मान्य आहे. म्हणून मी सभागृहाप्रमाणे प्रश्न निराळा करतो. नगरपालिकेस आणि जिल्हा परिषदेस माणूस पाहतो, जवळजवळ केवळ माणूसच पाहतो. तेथे पाणी, गटार, शाळेची खोली आणि रस्त्याचे काम यांपलीकडे विचारसरणीस वाव थोडा आहे. आमच्या आळीतील एक वयस्क बाई, ज्यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही, त्यांनी याबाबत जो निकष एकदा सांगितला त्याहून चांगला मला कोणत्याही राज्यशास्त्राच्या ग्रंथात आढळला नाही. “मत मागाय समदीच येत्यात,” त्या म्हणाल्या, “आपुन गेल्यावर घावतो कोन, त्ये बघायचं.”

विधानसभेस हा निकष पुरत नाही, आणि येथे खरी अडचण सुरू होते. उमेदवार सज्जन आहे, अभ्यासू आहे, हाती लागणारा आहे. पण दहाव्या परिशिष्टामुळे पक्षादेश निघाल्यावर त्यास आपल्या पक्षाप्रमाणेच मत द्यावे लागते, मग विधेयक त्याच्या विवेकास पटो वा न पटो. तेव्हा चांगला माणूस पाहून मत द्यावे हा उपदेश अपुरा आहे. त्या माणसाबरोबर त्याच्या पक्षाचा पक्षादेशही मी निवडीत असतो. उलट पक्ष पाहून मत द्यावे, तर गेल्या विधानसभेचा अनुभव वर लिहिलाच आहे. माणूस पक्षास बांधलेला आणि पक्ष कोणासच बांधलेला नाही, अशा या स्थितीत मी दोन्ही मोजतो, आणि जेथे दोहोंचे वजन सारखे भरते तेथे ज्याने आजवर एकदा तरी स्वतःच्या पक्षाच्या प्रमुखास सभागृहात किंवा जाहीर व्यासपीठावर विरोध केला आहे, त्या उमेदवाराकडे माझा कल जातो. असे उमेदवार फार थोडे आढळतात, आणि त्यास आपण सर्व जबाबदार आहात.

आणखी एक गोष्ट मी पाहू लागलो आहे. २०२४ च्या निकालानंतर विधानसभेतील सर्वांत मोठ्या विरोधी पक्षास २० जागा होत्या. परंपरेने अपेक्षित असलेली एकदशांश संख्या कोणासही गाठता आली नाही आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची पुढील अधिवेशनांत रिकामी राहिली. सत्ता कोणाची असावी याबाबत माझे मन स्वच्छ नसेल, तर सत्तेस प्रश्न विचारणारा कोणी तरी बलवान असावा याबाबत ते नेहमी स्वच्छ असते. म्हणून ज्या पक्षाने राज्य करावे असे मला वाटत नाही त्यासही, त्याने विरोधी बाकांवर भक्कमपणे बसावे एवढ्यासाठी, मी मत देऊ शकतो. यात कोणतीही विसंगती नाही. आज जो पक्ष सत्तेत आहे तो उद्या विरोधात बसला तर हाच न्याय मी त्यासही लावीन.

उरला उमेदवार. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीतील फलकावर नमुना २६ ची प्रतिज्ञापत्रे लावलेली असतात. २००२ आणि २००३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे मतदारास मिळालेला हा दस्तऐवज आहे. मी तो उभा राहून वाचतो. मुद्रांक कागद, नोटरीचा शिक्का, पानापानावर सही. गेल्या पाच वर्षांचे उत्पन्न, पत्नीचे उत्पन्न, अवलंबितांच्या नावावरील जमिनी गट क्रमांकासह, दागिने तोळ्यांत, वाहने, बँकेचे देणे, सरकारी घराचे थकलेले भाडे किंवा पाणीपट्टी असल्यास ती, आणि प्रलंबित खटल्यांचा तक्ता. त्या तक्त्यात आंदोलनाचे, जमावबंदी मोडल्याचे गुन्हे असतात, त्यांचे मला काही वाटत नाही. सार्वजनिक आयुष्यात ते होतात, आणि कित्येकदा ते भूषणावह असतात. परंतु खंडणी, फसवणूक, स्त्रीवरील अत्याचार यांची कलमे दिसली की पक्ष कोणताही असो, ते नाव माझ्यापुरते संपते. कचेरीच्या त्या व्हरांड्यातून दिवसभर शेकडो माणसे सातबारा आणि दाखले घेण्यासाठी जा-ये करतात. फलकापाशी थांबणारा क्वचित दिसतो. पाच वर्षे ज्याच्याविषयी चावडीवर बोलणार, त्याचे चार कागद वाचण्यास आम्ही मतदारांनी वेळ काढला पाहिजे, आणि हे मी माझ्या शेजाऱ्यांसही सांगत असतो.

आता मागणी. १३ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपणा सर्वांस आदेश दिला की, ज्याच्यावर फौजदारी खटले प्रलंबित आहेत अशा व्यक्तीस उमेदवारी दिल्यास तीच का निवडली आणि खटले नसलेली दुसरी व्यक्ती का मिळाली नाही, याची कारणे स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात व समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करावी. निवडून येण्याची क्षमता हे त्यासाठी पुरेसे कारण नाही, असेही त्याच आदेशात आहे. त्यानुसार छापलेले खुलासे मी वाचले आहेत. बारीक टंकात, आतल्या पानावर, बहुतेक एकाच साच्यातील मजकूर असतो: उमेदवार लोकप्रिय आहे, समाजकार्यात अग्रेसर आहे, खटले राजकीय हेतूने भरलेले आहेत. नाव बदलले तर एका पक्षाचा खुलासा दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारास जसाच्या तसा चालेल. न्यायालयाने मागितलेली कारणे ती ही नव्हेत, हे आपण जाणता.

माझी विनंती अशी आहे की, पुढील निवडणुकीपासून हा खुलासा उमेदवाराने आपल्या पहिल्या जाहीर सभेत स्वतः उभे राहून वाचून दाखवावा, आणि ज्याच्यावर एकही खटला नाही त्यानेही, आपल्या पक्षात इतके इच्छुक असताना उमेदवारी आपणासच का मिळाली, हे दोन मिनिटांत सांगावे. त्यानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवावा, प्रश्न चिठ्ठीवर न घेता तोंडी घ्यावेत, आणि उत्तर पक्षाच्या नेत्याने न देता उमेदवाराने द्यावे. आपल्यापैकी जो पक्ष हे प्रथम करील, त्याच्या इतर पुष्कळ गोष्टी मला न पटोत, त्याच्या सभेस मी येईन, शेजाऱ्यांस घेऊन येईन, आणि बटन दाबताना त्या अर्ध्या तासाचे वजन जाहीरनाम्याहून अधिक धरीन.

आमच्या तालुक्याची सभा आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नये, एवढे आणखी सांगावेसे वाटते. त्या दिवशी बाजारतळावर गर्दी तयार मिळते, म्हणून आजवर सर्वांनी तोच दिवस धरला आहे. पण डोक्यावर पाटी आणि हाताशी पोर असलेल्या बाईस थांबून प्रश्न विचारण्यास सवड नसते. दुसरा कोणताही दिवस, कामाहून परतल्यावर, सायंकाळी सात वाजता, चालेल.



आपला,
सातारा जिल्ह्यातील एक मतदार